जुनं पिनबॉल मशीन घेऊ का? (घेतलं! अपडेट खाली) - म्हापसा

बाल्कांववाला | फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. विषय जरा विचित्र आहे पण इथे मिक्सरच्या कपलरपासून पेटीच्या सुरांपर्यंत सगळं विचारलं जातं म्हणून धाडस करतोय.

म्हापश्याहून हणजुण्याकडे जाताना एका वाड्यावर एक छोटा बार होता, बंद पडून बरीच वर्षं झाली. मालक ऐंशीच्या घरात, पूर्वी तारवटी, म्हणजे बोटीवर कामाला. घर रिकामं करतायत. मी खरं तर डीप फ्रीज बघायला गेलेलो. मागच्या खोलीत ताडपत्री उचलली तर खाली चार पायांवर उभं पिनबॉल मशीन! बॅली कंपनीचं 'एट बॉल', मागच्या काचेवर लेदर जॅकेटवाला हिरो बिलियर्ड खेळतोय. लहानपणी आम्ही पोरं बाहेरून खिडकीतून बघायचो हे, आत सोडत नसत.

पात्रांव (म्हणजे ते मालक) म्हणतात चाळीस हजार. चालतं का विचारलं तर म्हणाले "चालायचं". पंधरा वर्षं तरी प्लग लावलेला नाही. मी सिव्हिलवाला, सोल्डरिंग येतं म्हणजे एकदा हेडफोनची वायर जोडलेली. घ्यावं का? आणि घ्यायच्या आधी तिथेच चालू करून बघू का?

डिचोलीकर | फेब्रुवारी

चाळीस हजारात नवीन डीप फ्रीज आला असता आणि बायको पण खूश झाली असती. चालू द्या.

सोल्डरकाका | फेब्रुवारी

चालू करू नकोस. परत लिहितो, प्लग लावू नकोस. मालक म्हणाले तरी लावू नकोस, "एकदा बघूया" म्हणून तर मुळीच नाही.

मी वास्कोला असतो, आयुष्य बोटीवरच्या रेडिओ रूममध्ये गेलं, निवृत्तीनंतर असली दोन मशिनं उघडलीत. एट बॉल म्हणजे १९७७ चं मॉडेल, वीस हजारांवर बनलेलं, त्यामुळे सर्किट डायग्राम आणि सुटे भाग अजून मिळतात, हा मोठा फायदा. त्याच सुमाराला पिनबॉलमध्ये मायक्रोप्रोसेसर आला. त्याच्या आधीची सगळी रिले (विजेने उघडझाप होणारे स्विच) आणि मोटरवर चालणारी.

आता बघायला जाशील तेव्हा टॉर्च, आरसा आणि मल्टिमीटर घेऊन जा. चाव्या आहेत का विचार, नसतील तर कुलूप ड्रिल करावं लागेल, ते किरकोळ. मागच्या डोक्यात (काच उचलून बाहेर काढली की दिसतं) डाव्या बाजूला मुख्य बोर्ड असतो, त्यावर ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असते. हायस्कोअर लक्षात ठेवायला. ही बॅटरी म्हातारपणी गळते आणि तिचा क्षार खाली वाहत जाऊन चिपची सॉकेटं, ट्रॅक, कनेक्टर सगळं खातो. हिरवं-निळं पीठ दिसेल. ते किती पसरलंय त्यावर भाव ठरव.

दुसरं म्हणजे ट्रान्सफॉर्मर. अमेरिकन मशीन ११५ व्होल्टवर जोडलेलं असेल आणि तू आपल्या २३० मध्ये घातलंस तर पहिल्या सेकंदाला धूर. बॅलीच्या ट्रान्सफॉर्मरला टर्मिनलवर जंपर (जोडतारा) बदलून २३० करता येतं. कोणी कधी केलंय का ते वायर बघून कळेल.

तिसरं, मागच्या काचेचा रंग आतल्या बाजूने असतो. पापुद्रे सुटले असतील तर ओल्या फडक्याने पुसायला जाऊ नकोस, चित्र फडक्यावर येईल.

तिसवाडीची | फेब्रुवारी

माफ करा, बाळबोध प्रश्न. हे आणि व्हिडिओ गेम एकच ना? आमच्या मामांच्या क्लबात पणजीला एक होतं, पण त्यावर आकडे फिरायचे, पेट्रोलपंपावर जुने फिरायचे तसे. आणि टणटण घंटा.

पुणेरी_टिल्ट | फेब्रुवारी

ताई, फार वेगळं. इथे स्क्रीन नाही, खरी लोखंडी गोळी, वजन ८० ग्रॅमच्या आसपास, व्यास एक इंचापेक्षा थोडा जास्त (१ १/१६ इंच), उतरत्या लाकडी फळीवर खाली येते आणि तुम्ही दोन बटणांनी ते दोन फ्लिपर (खालचे छोटे दांडे) उडवून तिला वर पाठवायचं. फळीखाली कॉइल (तारेच्या गुंडाळ्या, करंट मिळाला की दांडा ओढतात), स्विच, दिवे यांचं जंगल. तुमच्या मामांकडचं आकडे फिरणारं म्हणजे इलेक्ट्रोमेकॅनिकल, त्यात चिप नसते, गुण मोजायला अक्षरशः चाकं फिरतात.

अवांतर पण सांगतोच. सुरुवातीच्या पिनबॉलला फ्लिपरच नव्हते, गोळी सोडायची आणि देवाला हात जोडायचे. फ्लिपर आले १९४७ मध्ये, गॉटलीब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी' मशीनवर, तेही दोन नाही सहा. त्याच्या आधी नशिबाचाच खेळ असल्यामुळे लोक पैसे लावायचे आणि न्यूयॉर्कने १९४२ मध्ये पिनबॉलवर बंदी घातली, पोलीस हातोड्याने मशिनं फोडतानाचे फोटो आहेत. बंदी उठली १९७६ मध्ये, तेव्हा एका पत्रकाराने अधिकाऱ्यांसमोर खेळून दाखवलं की यात कौशल्य आहे, कुठे मारणार ते आधी सांगून तिथेच मारलं.

डिचोलीकर | फेब्रुवारी

गंमत म्हणजे आपला गोवा, दमण, दीवचा जुगारविरोधी कायदा पण १९७६ चाच. तिकडे सोडलं, इकडे धरलं. नंतर १९९२ ला दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलात स्लॉट मशीन चालू झाली ती गोष्ट वेगळी, आता मांडवीत कॅसिनो तरंगतायत ते बघतोच आपण.

बाकी फ्रीजचं काय झालं?

बाल्कांववाला | मार्च

फ्रीज भावाने घेतला. मशीन मी घेतलं. २६ हजार.

काकांच्या सांगण्याप्रमाणे आरसा, टॉर्च घेऊन गेलो. बॅटरी फुटलेली, पीठ होतं पण निम्म्या बोर्डापर्यंतच. फोटो काढून काकांना पाठवले, ते म्हणाले "घे, पण तोंड पाडून घे". मी तोंड पाडलं. त्यात फ्यूज होल्डर उघडला तर आत फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून घातलेली, तीही दोन ठिकाणी! पात्रांवना दाखवली तर हसून म्हणाले "तेव्हा टुरिस्ट थांबलेला असायचा, फ्यूज आणायला म्हापश्याला कोण जाणार". तिथेच चौदा हजार उतरले.

आणायची कथा वेगळी. वजन शंभर किलोच्या वर. पाय सुटतात, मागचं डोकं बोल्टवर बसतं, कनेक्टर सोडवून वेगळं काढलं, प्रत्येक कनेक्टरला मास्किंग टेप लावून नंबर घातला (हे ज्याने सुचवलं त्याला माझ्याकडून एक काजू फेणी). पिकअपमध्ये दोन गाद्या. एक चूक केली, गोळी काढायची राहिली. वाटेत प्रत्येक खड्ड्याला आतून धडाम. आणि आपल्याकडे खड्डे किती ते सांगायला नको. एक प्लास्टिक तुटलं.

मेस्ताचो_पूत | मार्च

तळाचा प्लायवूड नखाने खरवडून बघ. पोकळ आवाज आला किंवा मातीची रेघ दिसली की वाळवी. बंद घरात पंधरा वर्षं म्हणजे असणारच.

बाल्कांववाला | मार्च

आहे. मागचा डावा कोपरा, बिस्किटासारखा.

मेस्ताचो_पूत | मार्च

मग आधी ते. बोर्ड नंतर, नाही तर आत सगळं नवीन करशील आणि बाहेरून घर खाल्लेलं असेल. वाळवीचं औषध इंजेक्शनने भोकातून सोड, आठवडाभर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेव, मग खराब भाग कापून मरीन प्लायचा तुकडा घाल. सगळा कोपरा बदलायला जाऊ नको, बाजूचं चित्र जातं. पाय जिथे बोल्ट होतात तिथे आतून जाड लाकडी ठोकळा घाल, सगळा भार तिथे येतो.

सोल्डरकाका | मार्च

सुतारकाम होईपर्यंत बोर्ड माझ्याकडे आण, किंवा स्वतः कर, मी सांगतो. स्वतः केलंस तर बरं, कारण हे मशीन दर पावसाळ्यात काहीतरी मागणार आहे आणि दरवेळी वास्कोला येणार का.

गळलेल्या बॅटरीचा पदार्थ अल्कली असतो. तो नुसता पुसून जात नाही, आधी आम्लाने मारावा लागतो. बॅटरी कापून काढ. पांढरं व्हिनेगर आणि पाणी अर्धं-अर्धं, जुन्या टूथब्रशने घास, बुडबुडे येतील, ते थांबले की स्वच्छ पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, मग दोन दिवस उन्हात नाही, पंख्याखाली. आणि कृपा करून माडाचं व्हिनेगर घालू नकोस, ते चोरिसाला ठेव, त्यात गाळ असतो.

काळे पडलेले ट्रॅक फायबर पेनने तांबं दिसेपर्यंत खरवड. चिपची सॉकेटं हिरवी झाली असतील तर वाचवायला जाऊ नकोस, बदल. पिना असलेले हेडर पण बदल. अर्धी बंद मशिनं ही चिप मेल्यामुळे नसतात, कनेक्टरमुळे असतात.

पुणेरी_टिल्ट | मार्च

काका, इतकं करण्यापेक्षा नवीन रिप्लेसमेंट बोर्ड मागवला तर? परदेशात तयार मिळतात, आत बॅटरीच नाही, प्लग लावला की चालू.

सोल्डरकाका | मार्च

मिळतात आणि चांगले असतात. ट्रॅक पूर्ण खाल्ले असते तर मीही तेच म्हटलं असतं. पण याचा अर्धा बोर्ड शाबूत आहे. शिवाय नवीन बोर्ड जुन्या हिरव्या कनेक्टरवर चढवला की तोही महिन्याभरात रडायला लागतो आणि मग लोक म्हणतात बोर्ड खराब आला.

बाल्कांववाला | एप्रिल

मोठा अपडेट, चहा घेऊन बसा.

ट्रान्सफॉर्मर २३० वरच जोडलेला निघाला, म्हणजे मशीन बहुतेक युरोपातून आलं असणार, बोटीवरून कसं ते पात्रांव नीट सांगत नाहीत. बोर्ड साफ केला, चार सॉकेटं आणि सगळे हेडर बदलले. पार्ट्स भावोजी मुंबईला गेलेले त्यांनी लॅमिंग्टन रोडवरून आणले, मेमरीची ५१०१ चिप सोडून, ती ऑनलाइन. सगळे फ्यूज सर्किटमध्ये लिहिलेत त्याच रेटिंगचे घातले. आधी नुसता पॉवर सप्लाय चालू करून व्होल्टेज मोजले, मग बोर्ड लावला.

बोर्डावर एक छोटा लाल एलईडी असतो. चालू केलं की तो क्षणभर लुकलुकतो आणि मग सात वेळा पेटतो, प्रत्येक वेळी मशीन स्वतःचा एकेक भाग तपासून "हा ठीक" म्हणतं. सात झाले की खेळ सुरू. मला पहिल्या रात्री लुकलुक पण नाही, नुसता पेटून राहिला. एका चिपची पिन सॉकेटमध्ये जाताना वाकून पोटाखाली गेलेली. ती सरळ केली तर एक, दोन, तीन... सहा. सातवा येईना. तीन रात्री सहावरच. बायकोला पण पाठ झालं, आतून ओरडायची "सहाच ना?"

सोल्डरकाका | एप्रिल

तीन रात्री विचारलं का नाहीस? सातवी टेस्ट म्हणजे बोर्डाला कॉइलचे ४३ व्होल्ट दिसतायत का ते. जे-४ कनेक्टरच्या १५ नंबर पिनवर मोज. तिथे नसतील तर मागे मागे जात रेक्टिफायर बोर्डपर्यंत (एसीचं डीसी करतो तो) ये.

बाल्कांववाला | एप्रिल

रेक्टिफायर बोर्डावरच्या कनेक्टरची पिन जळून काळी झालेली आणि मागचं सोल्डर तडकलेलं, बाहेरून दिसत नव्हतं, हलवलं तर गोल गोल फिरत होतं. परत सोल्डर केलं, कनेक्टर नवीन क्रिंप केला. सात!!! रात्री दीड वाजता. आणि मागे आकडे उमटले, केशरी.

मग पाच सेकंदात जळका वास. एका पॉप बंपरची (गोळी लागली की तिला उडवणारा गोल खांब) कॉइल चालू होताच ओढून धरली आणि सोडेना. स्विच बंद करेपर्यंत धूर. बायको आता मोजत नाही, नुसती खिडकी उघडते.

सोल्डरकाका | एप्रिल

चालू करताच एकच कॉइल ओढून बसली म्हणजे तिचा ड्रायव्हर ट्रान्झिस्टर शॉर्ट. जुना एसई ९३०२ असेल, त्याजागी टिप १०२ घाल. आणि कॉइलवरचा डायोड पण तपास, वन एन ४००४, पट्टीची बाजू प्लसला. डायोड तुटलेला असला की कॉइल सोडताना उलटा झटका ट्रान्झिस्टरला मारतो, तू नवीन घालशील आणि तोही जाईल. नेहमी जोडीने बघायचं.

आणि हो, आकडे उमटतात त्या डिस्प्लेला १९० व्होल्ट डीसी जातो. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये थोडा वेळ राहतो. डोक्यात हात घालताना एक हात खिशात. ड्रायव्हर बोर्डावर त्याचं एक छोटं ॲडजस्टमेंट आहे, १७० च्या आसपास आण, म्हाताऱ्या काचा जास्त टिकतात. पण ते फिरवताना तरी बायकोला शेजारी उभी कर.

बाल्कांववाला | मे

ट्रान्झिस्टर, डायोड दोन्ही गेलेले. बदलले. जळलेली कॉइल परदेशातून मागवायची तर कॉइलपेक्षा कुरियर महाग. मग डोक्यात आलं, आपल्याकडे पंपाच्या मोटरी भरतात ते वाइंडिंगवाले. म्हापश्यातच एकाकडे नेली. त्याने हातात उलटीपालटी केली आणि विचारलं "ही कुठल्या पंपाची?" मी म्हटलं गेमची. म्हणाला "गेमला पंप कशाला?" कॉइलच्या कागदावरच गेज आणि वेढे छापलेले असतात, तेवढे त्याला वाचून दाखवले, जुनी तार मायक्रोमीटरने मोजून त्याने स्वतः खात्री केली, दोन दिवसांत दीडशे रुपयांत भरून दिली. प्लास्टिकचा बॉबिन वितळलेला नव्हता हे नशीब.

आता फ्लिपर. उजवा जोरात मारतो, डावा नुसता मान हलवतो. साखळीच्या मित्राने डब्ल्यूडी-४० मारायला सांगितलंय.

पुणेरी_टिल्ट | मे

नाही नाही नाही. कॉइलच्या नळीत तेल, ग्रीस, डब्ल्यूडी काहीही घालायचं नाही. पहिला आठवडा लोण्यासारखं चालतं, मग धूळ धरून चिखल होतो. नायलॉनची नळी कोरडीच चालते, फक्त नवीन घाल, स्वस्त असते.

सोल्डरकाका | मे

बरोबर. आणि डाव्याचा एंड-ऑफ-स्ट्रोक स्विच बघ. फ्लिपरच्या कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या असतात. कागदावर २५-५००/३४-४५०० असं असेल, म्हणजे २५ गेज जाड तारेचे ५०० वेढे आणि ३४ गेज बारीक तारेचे ४५००. बटण दाबलं की आधी फक्त जाड तार ओढते, दणका तिचा. फ्लिपर वर पोचला की तो एक स्विच उघडतो, मग बारीक तार मालिकेत येते आणि कमी करंटवर नुसतं धरून ठेवते. स्विच खराब होऊन आधीच उघडा असला तर दणक्याला पण बारीक तार मध्ये येते, मान हलते फक्त, तुझं तेच झालंय. उलट तो कधीच उघडला नाही तर पोरगं बटण धरून उभं राहिलं की कॉइल भाजते.

याचे पॉइंट टंगस्टनचे, ते छोट्या कानशीने घास, वर पोचल्यावर दोनेक मिलिमीटर फट ठेव. पण फळीवरचे बाकीचे स्विच सोन्याचा मुलामा दिलेले असतात, त्यांना कानस लावलीस तर मी वास्कोहून येऊन मारीन. तिथे व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा मध्ये घालून दाबून ओढायचा, बस.

तिसवाडीची | मे

मी गप्प बसून वाचत होते. मामांच्या त्या मशीनचं विचारलं, ते अजून माळ्यावर आहे!! मामी म्हणते घेऊन जा बाई, उंदीर राहतात त्यात. त्यात पण बॅटरी असेल का?

सोल्डरकाका | मे

आकडे फिरणाऱ्यात बॅटरी नाही, बोर्ड नाही, उंदरांनी वायरी खाल्ल्या नसतील तर काम फक्त साफसफाईचं, पण शेकडो स्विचची साफसफाई. एक लक्षात ठेव, अमेरिकेत ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०, त्यामुळे तिकडच्यासाठी बनलेली आतली मोटर इथे जरा आळशी फिरते. बिघाड समजून मागे लागू नकोस. वेगळा धागा काढ, इथे गर्दी झालीय.

डिचोलीकर | मे

काका आता क्लिनिक टाका.

बाल्कांववाला | जून

फळी साफ करताना वेळ मोजला नाही, पण मॅच बघत बघत पंधरा-वीस रात्री असतील. वरचं सगळं काढलं, प्लास्टिक, खांब, रबर. काळा थर होता तो कॉइलची धूळ आणि सिगारेटचा धूर, पात्रांवच्या बारचा सगळा इतिहास. पाणी अजिबात वापरलं नाही. लायटर फ्लुइड आणि कापूस, मग कार्नोबा कार वॅक्स, पॉलिशची कच नसलेलं. खाली आकड्यांच्या गोल दिव्यांभोवती रंग घासून लाकूड दिसतं, ते तसंच ठेवलं. रंगवायचा हात माझा नाही आणि आजूबाजूच्या मूळ रंगाशी ते कधी जुळत नाही.

रबराच्या कड्या आधी प्लंबिंगच्या ओ-रिंग लावल्या, शंभर रुपयांत काम. गोळी आपटली की "ठप्प" करून तिथेच झोपते. शेवटी पूर्ण किट बाहेरून मागवलं. गोळी पण नवीन, बेअरिंगच्या दुकानात मापाची मिळाली, जुनी खड्डे पडलेली ती फळी सॅंडपेपरसारखी घासते.

एक प्रश्न. दिवे सगळे एलईडी करू का? जुने ४४ नंबरचे फार तापतात.

पुणेरी_टिल्ट | जून

कर, मागची काच पण वाचेल उष्णतेपासून.

सोल्डरकाका | जून

थांब. सतत पेटणारे दिवे एलईडी चालतील. पण प्रोसेसर ज्यांना चालू-बंद करतो ते या मशीनमध्ये एससीआरवर (एक प्रकारचा इलेक्ट्रॉनिक स्विच) आहेत, त्यांना टिकून राहायला थोडा करंट लागतो आणि एलईडी तेवढा ओढत नाही, मग मिणमिणतात, नजर दुखते. तिथे ४७ नंबरचे बल्ब घाल. ४४ चा ०.२५ अँपिअर, ४७ चा ०.१५, उष्णता कमी, उजेड जवळजवळ तेवढाच.

आणि मला विचारशील तर एलईडीच्या पांढऱ्या उजेडात ते चित्र ट्यूबलाइटखालच्या केळ्याच्या घडासारखं दिसतं. पण ते माझं मत.

बाल्कांववाला | जुलै

पाऊस लागला आणि काकांचं भाकीत खरं झालं. चार दिवस सतत पडला, भिंतीला हात लावला तर ओला, आणि मशीनमध्ये तीन स्विच आपोआप लागायला लागले, कोणी हात न लावता गुण वाढतायत. वर शेजारच्या फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की मशीन रीसेट.

सोल्डरकाका | जुलै

रीसेटसाठी ड्रायव्हर बोर्डावरचा मोठा कपॅसिटर, ११,७०० मायक्रोफॅरड, मूळचा असेल तर आता त्याचं वय झालं, बदल. तोपर्यंत फ्रीज दुसऱ्या सॉकेटला. दमटपणासाठी जुना मुंबईचा उपाय, कपाटात बल्ब ठेवतात तसा आत पंधरा वॅटचा बल्ब, लाकडापासून लांब, रात्रभर. वर सिलिका जेलच्या पिशव्या. समुद्रापासून तू किती लांब?

बाल्कांववाला | जुलै

सहा-सात किलोमीटर.

सोल्डरकाका | जुलै

मग खारं वारं येतंच. सगळे कनेक्टर वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, काढून परत बसवायचे. तेवढ्याने पिना घासून निघतात. चतुर्थीनंतर माटोळी (गणपतीवर टांगलेली फळं-पानं) उतरवतोस त्याच दिवशी कर, विसरणार नाहीस.

मेस्ताचो_पूत | ऑगस्ट

कोपरा कसा राहिला? फोटो टाक ना. (मागचे दिसत नाहीयेत.)

बाल्कांववाला | सप्टेंबर

कोपरा मस्त, जोड शोधावा लागतो. फोटो परत टाकतो, साइट मोठी फाइल घेत नाही.

कपॅसिटर बदलला, रीसेट बंद. बॅटरीच्या जागी आता बोर्डापासून लांब, खाली डब्यात तीन पेन्सिल सेल, मध्ये डायोड घालून (बोर्ड ती चार्ज करायला बघतो, साध्या सेलला ते चालत नाही). फोनवर उतार मोजून पाय साडेसहा अंशाला लावले, जुन्या घराची जमीन एकीकडे कललेली त्यामुळे एका पायाखाली जास्त सूत.

या मशीनचं मला आवडलेलं म्हणजे पहिला खेळाडू १ ते ७ च्या गोळ्यांवर खेळतो, दुसरा ९ ते १५ वर, आणि मशीन दोघांचं वेगळं लक्षात ठेवतं. गोळी गेली तरी पुढच्या गोळीला तिथूनच सुरू. त्या काळी ही नवलाई होती म्हणे, रिलेवाल्या मशीनला जमत नव्हतं. माझ्या भाच्यांना अर्थात त्यात काय विशेष ते कळलं नाही, पण आवाज कळला. यात स्पीकर नाही, खऱ्या धातूच्या पट्ट्यांवर कॉइल हातोडी मारते. चतुर्थीला दीड दिवस घर भरलेलं, आरतीच्या वेळी घुमट वाद्याच्या तालावर मध्येच आतून टण-टण, कोण चोरून खेळतंय बघायला गेलो तर आमचे भटजी. पुढची आरती दहा मिनिटं उशिरा.

डिचोलीकर | सप्टेंबर

एकूण किती गेले? खरं सांगा, वहिनी वाचत नाहीत इथे.

बाल्कांववाला | सप्टेंबर

मशीन २६, बाकी सगळं धरून अजून १९ हजारांच्या आसपास, कुरियर त्यात मोठा. भावाचा फ्रीज दोन महिन्यांत बंद पडला हे पण नोंदवून ठेवा.

तिसवाडीची | सप्टेंबर

मस्त! माझा धागा काढलाय, काका तिकडे या प्लीज, चाकं अडकलीयत. आणि दादा, ज्यांच्याकडून घेतलं त्या पात्रांवना बोलावलंत की नाही खेळायला?

बाल्कांववाला | सप्टेंबर

आलेले ना, चवथीच्या दुसऱ्या रविवारी, पोराने स्कूटरवर आणून सोडलं. काठी भिंतीला लावली, दोन्ही तळवे कडेला टेकवले आणि पहिल्याच गोळीला कमरेने असा हिसका दिला की टिल्ट (जास्त हलवलं की मशीन ती गोळी बाद करतं). सगळे दिवे बंद. मी मनात म्हटलं गेलं, परत काहीतरी जळलं. ते हसले. दुसऱ्या गोळीला मशीन हातांनी हळूच हलवत हलवत पाऊण तास... नाही, पाऊण तास नाही, पण मला तेवढा वाटला, गोळी खाली येईच ना. माझा हायस्कोअर गेला.

मग खुर्चीवर बसून चहा प्यायले, मागची काच बराच वेळ बघितली आणि म्हणाले, चाळीसच घ्यायला हवे होते.